माऊस कुणाच्या हाती?

खेड्यातली सरकारी शाळा, वर्गात एकुलता एक संगणक आणि त्याच्याभोवती पोरांचा गराडा. खुर्ची पटकावलेल्या मुलाच्या मुठीत माऊस. बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतायत. कुणी ‘इथं दाब, इथं दाब’ म्हणून ओरडतंय, कुणी थेट पडद्यालाच बोट लावतंय. मागच्या रांगेतल्या मुलींना तर पडद्याचा कोपराही दिसत नाही. तासिका संपते तेव्हा वर्गानं संगणक ‘वापरलेला’ असतो, निदान नोंदवहीत तरी. प्रत्यक्षात तो वापरलेला असतो एकट्यानं.

२००५च्या सुमाराला जॉयोजीत पाल हा तरुण संशोधक खेड्यांतल्या अशा शाळांमधून हिंडत होता. अझीम प्रेमजी फाउंडेशननं अनेक राज्यांतल्या सरकारी शाळांत संगणकाधारित शिक्षणाचा कार्यक्रम चालवला होता, देशी भाषांमधल्या सीडी तयार केल्या होत्या. त्यातून मुलं काय शिकतात, हे त्याला बघायचं होतं. त्याला आधी दिसली ती माऊसवरची मालकी. बहुतेक वेळा माऊस वयानं मोठ्या किंवा दांडगट मुलाच्या हाती जायचा आणि तासभर तिथंच राहायचा.

पाल ज्या प्रयोगशाळेसाठी हे पाहत होता ती मायक्रोसॉफ्ट रिसर्चची भारतातली शाखा. जानेवारी २००५ मध्ये ती बंगळुरूत सुरू झाली, तेव्हा पत्ता होता सदाशिवनगर. संचालक पी. आनंदन आणि त्यांच्या जोडीला केंतारो तोयामा. तोयामा मूळचे संगणकाला ‘बघायला’ शिकवणाऱ्या शाखेतले, म्हणजे आजच्या भाषेत कृत्रिम बुद्धिमत्तेचेच माणूस. पण भारतात आल्यावर त्यांनी वेगळाच गट उभा केला. गरीब माणसाला संगणकाचा नेमका काय उपयोग, एवढ्या एका प्रश्नावर काम करणारा.

गराड्यावरचा सोपा उपाय कुणीही सांगेल, जास्त संगणक घ्या. त्याच जानेवारीत निकोलस नेग्रोपोंटे यांनी दावोसमध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती, प्रत्येक मुलामागे एक. बंगळुरूतल्या उदयसिंह पवार या संशोधकानं हिशेब उलट्या बाजूनं मांडला. संगणक महाग आहे, माऊस स्वस्त आहे. मग एका संगणकाला पाच माऊस का जोडू नयेत? 

कल्पना अगदीच कोरी होती असं नाही. एका पडद्यावर दोन माऊस चालवण्याचे प्रयोग कॅनडा-अमेरिकेत आधी झाले होते. पण तिथं तो संशोधनातला गमतीचा विषय होता; इथं त्यावर वर्गातल्या मागच्या रांगेचं भवितव्य होतं. शिवाय पहिलीच अडचण विंडोजनं आणली. संगणकाला पाच माऊस जोडले तरी पडद्यावर बाण एकच. एकानं तो डावीकडे ओढला, दुसऱ्यानं उजवीकडे, की बाण मधल्यामधे लटपटणार. प्रत्येक माऊसचे संकेत वेगळे ओळखून त्याला स्वतंत्र, वेगळ्या रंगाचा बाण देणारी प्रणाली लिहावी लागली. तिला नाव मिळालं मल्टीमाऊस, पुढं मल्टिपॉइंट.

आता परीक्षा. ग्रामीण भागातल्या २३८ शाळकरी मुलांना इंग्रजी शब्द शिकवायचे आणि नंतर किती लक्षात राहिले ते तपासायचं. काही मुलं एकेकटी संगणकापुढं बसली. काही ठिकाणी अनेक मुलं आणि एक माऊस, म्हणजे नेहमीचा गराडा. उरलेल्या गटांत पाच मुलं आणि पाच माऊस. पण त्यातही दोन तऱ्हा केल्या. पहिली शर्यतीची. जो आधी बरोबर उत्तरावर टिचकी मारेल तो जिंकला, लगेच पुढचा प्रश्न. दुसऱ्या तऱ्हेत पाचही जणांनी बरोबर उत्तरावर टिचकी मारल्याशिवाय पडदा हलायचाच नाही.

निकाल लागला तेव्हा पवार आणि पाल यांना हवं होतं ते मिळालं. पाच मुलांमध्ये एक संगणक असूनही मुलं सरासरीनं तेवढेच शब्द शिकली होती, जेवढे संगणक एकट्याला मिळालेलं मूल शिकतं. पाच संगणकांचं काम चार जादा माऊसनी भागलं! पण आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला विचाराल तर खरा शोध तोच. मुली कुठल्याही रचनेत साधारण सारख्याच शिकल्या. मुलगे मात्र रचना बदलली की बदलले. शर्यत आणि सहमती या दोन तऱ्हांत मुलांचं वागणं आणि शिकणं यात ठळक फरक पडला. यंत्र तेच, शब्द तेच, माऊसही तेच. बदलला होता फक्त खेळाचा नियम. नियम कसा आहे, यावर शिकणं ठरत होतं, आणि नियम यंत्र ठरवत नाही, कुणीतरी माणूस ठरवतो.

२००७ मध्ये या प्रयोगावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मायक्रोसॉफ्टनं ही प्रणाली इतरांना वापरायला खुली केली. गोष्ट इथं संपली असती तर ती एका हुशार युक्तीची गोष्ट झाली असती.

पण तोयामा अस्वस्थ होते. प्रयोगात उत्तम चाललेली गोष्ट प्रयोगाबाहेरच्या शाळेत गेली की कोमेजायची. नुसती मल्टिपॉइंटच नव्हे, पाच वर्षांत त्यांच्या गटानं केलेल्या कितीतरी प्रकल्पांची हीच गत. संशोधक सोबत असले, मुख्याध्यापक खमके असले, शिक्षकाला त्यात रस असला, की यंत्र कमाल करायचं. जिथं शिक्षकच कमी, वीज बेभरवशाची, संगणक बिघडला तर दुरुस्त कुणी करायचा हा प्रश्न, तिथं तेच यंत्र कुलपात जायचं. ज्या शाळांना मदतीची सर्वाधिक गरज, नेमकी तिथंच ते काही कामाचं नव्हतं. यातून त्यांनी मांडलेला नियम असा: तंत्रज्ञान माणसांच्या आणि संस्थांच्या अंगी जे आहे ते वाढवतं, नसलेलं निर्माण करत नाही. शाळा चांगली असेल तर ती अधिक चांगली होते. मोडकळीला आलेली असेल तर मोडच मोठी होते. २०१५ मध्ये ‘गीक हेरेसी’ या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिलं. तोवर ते बंगळुरू सोडून अमेरिकेत गेले होते. आज तोयामा आणि पाल दोघंही मिशिगन विद्यापीठात आहेत.

पुरावे साचत होतेच. पेरू देशानं लाखो लॅपटॉप मुलांना वाटले. २०१२ मध्ये आलेल्या पाहणीत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. बंगळुरूतच, अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या अनुराग बेहार यांनी २०१० मध्ये ‘मिंट’मधल्या लेखात संगणकावरची भिस्त शिक्षणाच्या खऱ्या प्रश्नांवरून लक्ष उडवते, असं स्वच्छ लिहिलं. ज्यांनी स्वतः गावोगावच्या शाळांत सीडी पोचवल्या, त्यांनीच हे म्हणावं याला वजन होतं.

उलट बाजूचाही पुरावा आहे, तो लपवू नये. दिल्लीत २०१५ मध्ये माइंडस्पार्क या प्रणालीची चाचणी झाली. मूल कुठल्या इयत्तेत बसतं हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येतं ते हेरून तिथून पुढचे प्रश्न देणारी ही प्रणाली. साडेचार महिन्यांत गणितात मुलांची प्रगती चांगली दिसली. मात्र त्या केंद्रांवर संगणकापुढच्या वेळेइतकाच वेळ मुलं लहान गटात माणसाकडून शिकत होती. म्हणजे फिरून माणूस आलाच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि साऱ्या जगाला पुन्हा तोच मोह पडला, प्रत्येक मुलाला एक यंत्रगुरू. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू शाखेतल्या तनुजा गणू, अक्षय नंबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हे नवं यंत्र मुलापुढं न ठेवता शिक्षकापुढं ठेवलं. मला यात तोयामांच्या नियमाची सावली दिसते. सोबतीला घेतलं सरकारी शाळांबरोबर काम करणाऱ्या बंगळुरूच्याच शिक्षणा फाउंडेशनला. २०२३ मध्ये बंगळुरूच्या आसपासच्या सुमारे ३० शिक्षकांपासून सुरुवात झाली. साधनाचं नाव ‘शिक्षा कोपायलट’.

आपल्याकडच्या कुठल्याही गुरुजींना हे साधन एका शब्दात सांगता येईल: टाचण. उद्या कुठला पाठ, उद्दिष्टं काय, साहित्य काय, सुरुवात कशी, प्रश्न कुठले, गृहपाठ कुठला, हे सगळं आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं. कर्नाटकातही तेच. समजा सातवीला उष्णतेचं वहन शिकवायचंय. शाळेत प्रयोगशाळा नाही. पण माध्यान्ह भोजनाच्या चुलीपाशी स्टीलचा डाव आहे, कंपासपेटीत प्लास्टिकची पट्टी आहे, पेन्सिल आहे. गरम पाण्यात तिन्ही बुडवून टोकं चाचपली की पाठ निम्मा झाला. असं काही सुचायला निवांत वेळ लागतो, आणि तोच शिक्षकाजवळ नसतो.

यंत्राची आतली रचना अशी. मोकळं सोडलं तर चॅटजीपीटीसारखं मोठं भाषा-मॉडेल कुठल्याही देशातलं काहीही सांगेल, म्हणून त्याला राज्याच्या पाठ्यपुस्तकाच्या दावणीला बांधलं. पुस्तकातला मजकूर सुटा करून साठवला. शिक्षकानं इयत्ता, विषय आणि पाठ निवडला की तेवढाच भाग मॉडेलपुढं जातो आणि त्यावरून टाचण तयार होतं. त्याचा सांगाडा अमेरिकेत १९८०च्या दशकात विज्ञानाच्या अध्यापनासाठी ठरलेल्या पाच पायऱ्यांचा आहे. आधी कुतूहल जागं करा, मग मुलांना स्वतः करून बघू द्या, मग समजावून सांगा, मग विस्तार, शेवटी पारख. पुढच्या टप्प्यात आणखी एक शहाणपण झालं. जाणकार माणसं यंत्राच्या मदतीनं कानडी आणि इंग्रजीत टाचणं आधीच तयार करून ठेवायची. शिक्षक त्यात आपल्या वर्गापुरते फेरफार करायचे. इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या मॉडेलनं लिहिलेली कानडी भाषा माणसाच्या नजरेखालून जाणं गरजेचंच होतं.

मग प्रयोग कर्नाटकभर गेला. १,०४३ शिक्षक आणि २३ जाणकार संपादक यांच्या अनुभवांवरचा अभ्यास २०२५ मध्ये बाहेर आला. शिक्षकांचा वेळ वाचला, ताण हलका झाला, वर्गात कृतीवर आधारलेलं शिकवणं वाढलं. हे सगळं अपेक्षित होतं. त्याच्याच शेजारी दुसरी ओळ होती. शिक्षक हे साधन शिकवण्यासाठी वापरत होते तसंच वरिष्ठांना दाखवायच्या कागदांची पूर्तता करण्यासाठीही.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला हे नवल वाटो. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना वाटणार नाही. तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरण्याआधी वही मागतात. कर्नाटकातल्या शिक्षकाला अक्षर दासोह योजनेच्या जेवणाचा हिशेब आहे, क्षीरभाग्यच्या दुधाचा आहे, मतदारयादी आहे, ऑनलाइन भरायच्या माहितीला तर अंत नाही. यंत्रानं त्याच्यासाठी पहिला ढिगारा उपसला तो कागदांचा. काहींना ही यंत्राची फसवणूक वाटेल. मला ती सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते, कारण शिक्षकाचा वेळ जातो कुठं हे तिच्यातून उघडं पडलं. कागद उरकल्यावर हाती आलेली मिनिटं काहींनी खरोखरच वर्गातल्या कृतीला दिली, हेही त्याच अभ्यासात आहे.

पण मजल तिथंच अडली. अपुरे शिक्षक आणि कारभाराचा बोजा यांमुळं शिकवण्यातला बदल फार पुढं जाऊ शकला नाही, असं संशोधकांनीच लिहून ठेवलंय. दोन वर्ग एकाच शिक्षकाला सांभाळायचे असतील तर एका वर्गाचं उत्तम टाचण हातात असून दुसऱ्या वर्गाचं काय करायचं? रिक्त जागा भरणं विधानसौधाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, अखत्यारीत येतं, मॉडेलच्या नव्हे.

पुढच्या साधनांसाठी संशोधकांनी ज्या गोष्टींना अग्रक्रम द्यायला सांगितलंय त्यांत बहुभाषिकता आहे. याचा एक अर्थ आपल्याला लगेच कळतो. बेळगाव आणि खानापूरकडच्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही कर्नाटक सरकारच्याच. तपासणी तीच, वहीही तीच. या अभ्यासातली टाचणं कानडी आणि इंग्रजीत होती. तिथल्या मराठी गुरुजींना ती हवी असतील तर आधी उतरवून घ्यावी लागतील, आणि तेवढ्या वेळात त्यांचं स्वतःचं टाचण हातानं लिहून झालेलं असेल.