आवर घालणाऱ्या पेशी

फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरायचा, हा नाशिककडचा जुना रिवाज. लासलगावच्या पट्ट्यात कांद्याला काय तोटा? तो हाताशी नसला तर चप्पल. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे श्रेय कांद्याला मिळत गेलं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर भगताला.

डॉक्टरांचंही फार वेगळं नव्हतं. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमन यांनी झोपेसाठी फेनोबार्बिटल दिलं आणि रुग्णांचे झटकेच कमी झाले. आपल्याकडे ती गोळी ‘गार्डिनल’ म्हणून रुळली. ती का लागू पडते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा 1950 मध्ये मिळाला: मेंदूत ‘गाबा’ हे रसायन सापडलं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या पेशी ते स्रवून बाकीच्यांना आवर घालतात. त्याच दशकात अमेरिकेत डब्याच्या दुधावरच्या काही तान्ह्या बाळांना झटके येऊ लागले. दूध तापवण्याच्या प्रक्रियेत ब-6 जीवनसत्त्व नष्ट झालं होतं, आणि त्याच्याशिवाय मेंदूला गाबा बनवता येत नाही. ब-6 दिलं, झटके थांबले. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो! क्षयावरच्या आयसोनियाझिडच्या गोळ्या कुणी मूठभर गिळल्या तर येणाऱ्या झटक्यांवर आजही ब-6च टोचतात.

पुढे कळलं, की कधी कधी आवरणाऱ्या पेशीच दुबळ्या असतात. ‘ड्राव्हे’ या बालवयातल्या हट्टी अपस्माराचा जनुकीय दोष 2001 मध्ये सापडला. 2006 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की त्या दोषाचा फटका मुख्यतः याच पेशींच्या सोडियम-वाहिन्यांना बसतो. म्हणून एरवी गुणकारी ठरणारं कार्बामाझेपिन, जे याच वाहिन्या दाबतं, या मुलांचे झटके वाढवतं.

नाशिकच्या डोंगरी तालुक्यांना सगळ्यात जवळची गोष्ट मात्र वेगळीच. झटका लांबला की गाबाचा निरोप स्वीकारणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, आणि डायझेपामसारखी औषधं ज्यांच्यावर काम करतात ते हेच ग्राहक. जितका उशीर, तितकं औषध बोथट. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर औषध तिथल्या तिथे मिळायला हवं: ग्रामीण रुग्णालयात सुईने, किंवा डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं असेल तर घरीच, नाकात मारायच्या मिडाझोलामच्या फवाऱ्याने. सुरगाण्याहून घाट ओलांडून नाशिकच्या सिव्हिलला पोचेपर्यंत ती वेळ केव्हाच टळलेली असते.