काश्मीरला निघालात? मग जेवायचं कुठे?

‘मॅडम, रमजानात काश्मीरला गेलं तर दुपारचं जेवण मिळेल का हो?’ गेल्या काही वर्षांत स्टाफरूममध्ये हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. असा सरकत सरकत तो श्रीनगरच्या ट्युलिप बागेच्या हंगामात आला आणि आपल्याकडची सहलीची मंडळी विचारात पडली.

जेवण मिळतं. जुन्या शहरातली बहुतेक खानावळी दिवसा बंद असतात, पण तुमचं हॉटेल किंवा हाउसबोट पाहुण्यांना उपाशी ठेवत नाही. तुम्हाला गरम वाढणाऱ्याने स्वतः पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसतो, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. तेव्हा संकोच नको. प्रवासात असलेल्या मुसलमानालाही रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, मग तुम्ही तर पाहुणे! भर बाजारात चालता चालता खाणं टाळलं, तरी पुरे. आणि आपली ती आग्रहाची सवय जरा आवरा. रोजेदार ड्रायव्हरला ‘एक तरी लाडू घ्याच’ असं तीनतीनदा म्हणू नका. त्यापेक्षा संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत त्याला मुक्कामी पोहोचता येईल असा दिवस आखा.

आता खाण्याकडे वळू. काश्मीरची खरी चव हॉटेलात नाही, कांदुरच्या दुकानात आहे. कांदुर म्हणजे तंदूरवर रोटी भाजणारा. प्रत्येक मोहल्ल्यात त्याचं दुकान असतं आणि घरोघरची सकाळ त्याच्याच रोटीवर सुरू होते. सकाळी गिर्दा आणि पातळ लवासा, दुपारनंतर तीळ लावलेला, कडा फुगलेला च्‍चोवोर. खुसखुशीत कुलचा आणि पापुद्रे सुटणारी बाकरखानी वेगळीच. रांगेत उभं राहिलं की गल्लीतल्या सगळ्या बातम्या फुकट मिळतात. भाषा कळली पाहिजे एवढंच. गिर्दासोबत नून चाय प्या. ‘नून’ म्हणजे मीठ. हिरव्या चहाची पत्ती सोडा घालून खूप वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ घालतात. रंग येतो गुलाबी. पहिल्या घोटाला आपल्या साखरेच्या जिभेला धक्का बसतो, हे आधीच सांगून ठेवते. धक्का नकोच असेल तर केशर, वेलची, दालचिनी आणि बदामाचा कहवा आहेच.

शाकाहारी मंडळींची काळजी मला नेहमी ऐकू येते, आणि ती मला थोडी अनाठायी वाटते. दल सरोवराच्या काठी दुर्गानाग भागातला कृष्णा वैष्णो ढाबा राजमा-भातासाठी प्रसिद्ध आहे. जम्मूहून रस्त्याने जात असाल तर वाटेत पीराह इथे थांबा. तिथला राजमा-भात, वर तूप आणि बाजूला अनारदाण्याची चटणी. पण राजम्यावरच थांबू नका. नदरू मागा. नदरू म्हणजे कमळाचा देठ, तिथल्या सरोवरांतूनच काढलेला. दह्यातली नदरू यखनी मला मटणापेक्षा उजवी वाटते (घरी हे मत कोणालाच मान्य नाही). हजरतबल दर्ग्याबाहेर तळलेले नदरू मोंजे मिळतात, शेजारीच भल्यामोठ्या पराठ्यासोबत हलवा. मोहरीच्या तेलातली हाकची पालेभाजी आणि भात हे तर तिथलं रोजचं घरगुती जेवण.

काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. हिंग, बडीशेप आणि सुंठ यांवर सगळी मदार. कांदा-लसूण नाही म्हणजे मांस नाही, असं मात्र समजू नका. रोगनजोश त्यांचाही आहे आणि मुसलमानांचाही, मसाला तेवढा वेगळा.

मांसाहारी असाल तर वाजवान. तांब्याच्या मोठ्या त्रामीभोवती चौघांनी बसायचं आणि एकाच ताटातून खायचं. तबक माज, लाल रश्शातला रिस्ता, आणि शेवटी दह्याच्या रश्शातला गुश्ताबा. रिस्ता-गुश्ताब्याचं मटण दगडावर लाकडी हातोड्याने कुटतात. रेसिडेन्सी रोडवरचं अहदूज १९१८ सालापासून आहे, तिथे यातले पदार्थ सुटे मागवता येतात. त्याहून साधं हवं असेल तर संध्याकाळी खय्याम चौकात निखाऱ्यावरचे तुज्ज आणि लवासा. रमजानात इफ्तारच्या वेळी सब्जाचं सरबत मिळालं तर सोडू नका. तिथे त्याला बब्रिब्योल म्हणतात.

आपल्याकडच्या सहल कंपन्या सोबत स्वयंपाकी नेतात. आजी-आजोबांसाठी ती सोय चांगलीच. पण आठही दिवस श्रीनगरमध्ये पिठलं-भात खाऊन परतणाऱ्यांबद्दल काय बोलावं? २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांचे जीव गेले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा होते. पर्यटकांना वाचवताना मारला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह तिथलाच होता. त्यानंतर जायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. ज्यांचं मन धजत नाही त्यांना मी आग्रह करणार नाही. पण जाणार असाल तर दिवसातलं एक जेवण तरी सहलीच्या पंगतीबाहेर घ्या. पर्यटक येईनासे झाले, तेव्हा तुज्जवाल्याची शेगडीही थंडावली होती.

आणि केशर घ्यायचं तर पहलगामच्या वाटेवर पांपोरला घ्या. दोन धागे कोमट पाण्यात टाकून बघा. लगेच लालभडक रंग सुटला तर पुढच्या दुकानात जा. खरं केशर हळूहळू पाणी पिवळं करतं आणि धागा लालच राहतो.