घरातून राज्यकारभाराकडे : यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वविचाराची जडणघडण

अधिकार हाती आल्यावर माणूस आधी कोणाचे ऐकतो, विरोधकाला कसे वागवतो, कोठे नमते घेतो आणि कोठे मुळीच घेत नाही, याविषयी त्याच्या मनात काही सूत्रे हळूहळू पक्की होत जातात आणि या सूत्रांच्या समुच्चयालाच नेतृत्वाचे तत्त्वज्ञान म्हणतात. त्यांची बीजे बहुधा घरात पडतात, परंतु घरचे संस्कार जसेच्या तसे सार्वजनिक जीवनात आणता येत नाहीत. कारण कुटुंबातील माया आपल्या माणसांपुरती असते, तर राज्यकर्त्याला परक्यालाही तोच न्याय द्यावा लागतो. घरातील मूल्य घराबाहेर नेताना ते आपल्यांपुरते राहते की व्यापक होते, यावरच त्याची खरी पारख होते. यशवंतराव चव्हाण यांचे जीवन या प्रवासाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे आणि त्याचा पूर्वार्ध त्यांनी स्वतः ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात लिहून ठेवल्यामुळे तो तर्काने रचण्याची गरज उरत नाही.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी त्यांच्या आजोळी, देवराष्ट्रे या तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील गावी झाला. वडील बळवंतराव कराडच्या न्यायालयात बेलीफ, म्हणजे समन्स आणि जप्तीचे हुकूम बजावणारे कर्मचारी होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि संसाराचा भार आई विठाबाई यांच्यावर आला. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी नोकरी धरून घर सावरले, तर मधले गणपतराव यांनी धाकट्या भावाच्या शिक्षणाची काळजी वाहिली. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. तथापि मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि संकटात मुलांना धीर देण्यासाठी त्या स्वतः ओव्या रचीत. अशा घरात शिक्षण ही एकट्याची मिळकत राहत नाही. एक शिकतो तेव्हा त्यामागे इतरांनी सोडून दिलेले बरेच काही असते, ही जाणीव यशवंतरावांच्या विचाराचा पहिला थर ठरली.

दुसरा थर मतभेदांचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. गणपतरावांचा ओढा सत्यशोधक विचाराकडे होता. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितशाहीला आणि जातिवर्चस्वाला आव्हान दिले होते, आणि सातारा परिसरातील बहुजन समाजावर त्या चळवळीचा खोल ठसा होता. यशवंतराव मात्र पुढे काँग्रेसच्या राष्ट्रीय चळवळीकडे खेचले गेले. लाहोरच्या तुरुंगात उपोषण करून जतींद्रनाथ दास यांनी सप्टेंबर १९२९ मध्ये प्राण सोडले, त्या घटनेने हा शाळकरी मुलगा मुळापासून हलला होता. दोन भावांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या, पण एकमेकांविषयीची आस्था तुटली नाही. मतभेद असूनही नाते टिकवता येते, हा धडा त्यांना कोणत्याही ग्रंथाआधी घराने दिला.

तिसरा थर स्वाभिमानाचा होय. २६ जानेवारी १९३२ रोजी कराडच्या टिळक हायस्कूलच्या आवारात तिरंगा फडकवल्याबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागितल्यास सुटका होईल, असे सुचवणारे एक शिक्षक विठाबाईंबरोबर त्यांना भेटायला आले, तेव्हा माफी कशासाठी मागायची, असे म्हणून त्या माउलीने तो मार्ग तेथेच बंद केला आणि मुलाला केवळ प्रकृतीची काळजी घेण्यास सांगितले. घरच्या गरिबीत मुलाची सुटका किती मोलाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. पुढे २ जून १९४२ रोजी त्यांचा विवाह फलटणच्या वेणूताईंशी झाला; दोनच महिन्यांनी ‘चले जाव’ आंदोलन सुरू होऊन यशवंतराव भूमिगत झाले आणि विवाहाला वर्ष होण्याआधीच वेणूताईंनाही अटक झाली. नेत्याच्या निर्णयाची किंमत घरातील माणसे मोजतात, ही गोष्ट नेतृत्वावरील लेखनात बहुधा अनुल्लेखित राहते; चव्हाण कुटुंबाच्या बाबतीत ती दृष्टीआड करता येत नाही.

या संस्कारांना राज्यकारभाराचे रूप कसे मिळाले, हा यापुढचा आणि खरा प्रश्न आहे. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून काम करताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देणारी योजना त्यांच्या शासनाने आणली. ‘ईबीसी सवलत’ या नावाने ती घरोघरी माहीत झाली आणि खेड्यांतील कित्येक घरांतील पहिला पदवीधर तिच्या आधाराने घडला. कराडच्या एका घरात भावाने भावासाठी जे केले, ते आता शासन अनोळखी मुलांसाठी करू लागले होते. गावकीची कामे वंशपरंपरेने लादणारी महार वतने रद्द करणारा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ मध्ये झाला. त्या वतनांच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, हे ध्यानी घेता हा निर्णय किती विलंबाने आला आणि तरीही किती आवश्यक होता, हे उमगते. १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांनी निर्णयाचा अधिकार मंत्रालयातून खाली उतरवला आणि ग्रामीण भागातील नव्या पिढीला कारभार शिकवला.

विरोधकांनाही तोडून न टाकता सामावून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीला ‘बेरजेचे राजकारण’ म्हटले जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांत निवड करायची झाल्यास नेहरू मोठे, अशी भूमिका घेतल्याने त्यांच्यावर प्रखर टीका झाली. तरीही टीकाकारांना शत्रू न मानता त्यांनी संवाद चालू ठेवला आणि लेखक-विचारवंतांशीही स्नेह जोपासला. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपवणे हे याच वृत्तीचे द्योतक होय.

तथापि या तत्त्वज्ञानाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. एकत्र कुटुंबात ज्याप्रमाणे भांडण टाळण्यासाठी धाकट्यांची गाऱ्हाणी मागे पडतात, त्याप्रमाणे सर्वांना सांभाळून घेणाऱ्या राजकारणात प्रबळ गटांचे हितसंबंध सहसा दुखावले जात नाहीत. सहकारी संस्थांवर आणि जिल्हा परिषदांवर ठरावीक घराण्यांची पकड बसत गेली, त्याचे एक कारण येथे सापडते. आणीबाणीनंतरच्या काळात काँग्रेस फुटली, तेव्हा निष्ठा आणि मतभेद यांच्या कात्रीत त्यांची जी दोलायमान अवस्था झाली, तीही याच स्वभावाची दुसरी बाजू होती. माफी नाकारण्याचा विठाबाईंचा करारी बाणा आणि कोणाला तोडायचे नाही ही वृत्ती, ही दोन्ही मूल्ये एकाच घरातली होती; सत्तेच्या राजकारणात मात्र त्यांतील दुसरे पहिल्यापेक्षा प्रभावी ठरले.

आत्मचरित्राचे तीन खंड लिहिण्याचा यशवंतरावांचा संकल्प होता. जन्मापासून १९४६ पर्यंतचा काळ सांगणारा ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. मुंबईच्या आणि दिल्लीच्या पर्वांवरील ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे नियोजित खंड लिहिलेच गेले नाहीत. त्यामुळे घरच्या संस्कारांचे सत्तेत काय झाले, याचा शोध त्यांनी केलेल्या कायद्यांतून आणि उभारलेल्या संस्थांतूनच घ्यावा लागतो.