संदकफूचा प्लॅन: तारखेआधी झोपायची उंची ठरवा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

पावसाळा संपत आला की माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दिवाळीच्या आसपास चार-पाच दिवसांची सुट्टी आहे, संदकफू होईल का?" माझं उत्तर असं की होईल, पण प्रश्न उलटा विचारायला हवा. 'किती दिवसांत होईल' हा नंतरचा प्रश्न. त्याआधी 'कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार' हे ठरवायचं. आजचा सगळा भाग याच एका गोष्टीबद्दल आहे.

आधी जागा समजून घेऊ

संदकफू पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात आहे, सिंगालिला डोंगररांगेवर. १९९२ साली इथे सिंगालिला राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. संदकफूची उंची ३,६३६ मीटर, म्हणजे पश्चिम बंगालमधली सगळ्यात उंच जागा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. दुपटीहून जास्त!

लोक तिथे जातात ते समोरच्या रांगेसाठी. जगातल्या पहिल्या पाच उंच शिखरांपैकी चार, म्हणजे एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू, हवा स्वच्छ असेल तर इथून दिसतात. कांचनजंगा आणि तिच्या शेजारची शिखरं मिळून आडव्या झोपलेल्या माणसासारखी दिसतात, म्हणून त्यांना 'झोपलेला बुद्ध' म्हणतात.

आता 'ऑटम' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर रीलमधली लाल-पिवळी झाडं येतात. तसं चित्र मनात घेऊन इथे जाऊ नका. या जंगलातली बरीचशी झाडं सदाहरित आहेत. ऱ्होडोडेंड्रॉनची, म्हणजे तिथल्या भाषेत गुरांसची, फुलं मार्च ते मे या काळात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायचं ते आकाशासाठी. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते, मान्सून मागे फिरलेला असतो आणि कोरडी हवा सुरू झालेली असते. त्यामुळे लांबचं स्पष्ट दिसतं. त्यातही पहाटेची वेळ सगळ्यात चांगली, कारण दिवस चढेल तसे खालच्या दऱ्यांतून ढग वर येतात.

अडचण नेमकी कुठे आहे?

बागडोगरा विमानतळ आणि न्यू जलपाईगुडी स्टेशन दोन्ही सपाटीवर आहेत, शंभर-सव्वाशे मीटर उंचीच्या आसपास. तिथून गाडीने काही तासांत मानेभंज्यांगला पोचता. 'भंज्यांग' म्हणजे नेपाळीत खिंड. हे गाव साधारण दोन हजार मीटरवर आहे. इथून संदकफू सुमारे ३१ किलोमीटर आणि वरपर्यंत जीप जाते. पूर्वी जुन्या लँड रोव्हर गाड्यांसाठी हा रस्ता प्रसिद्ध होता, आता बोलेरोही दिसतात.

म्हणजे हिशोब बघा. आज सकाळी मुंबई किंवा पुणे, रात्री मानेभंज्यांग आणि उद्या दुपारी ३,६३६ मीटर. पाय दुखत नाहीत, दम लागत नाही, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण शरीराला यातलं काहीच कळवलेलं नसतं.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. संदकफूच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो, मग मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित पुन्हा जुळवतात. पण हे काम काही तासांत होत नाही, त्याला दिवस लागतात. तेवढा वेळ दिला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, चक्कर येते. याला आपण 'उंची लागणं' म्हणतो. हा त्रास पोचल्याबरोबर होईल असं नाही. बहुतेकदा तो काही तासांनी, पहिल्या रात्री सुरू होतो. जीपमधून उतरून फोटो काढताना सगळे ठणठणीत असतात आणि रात्री दोन वाजता कुणीतरी डोकं धरून बसलेलं असतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "मी दर रविवारी राजगड-तोरणा करतो, मला काही होणार नाही." सह्याद्रीने तुमचे पाय आणि दम तयार केले, हे खरं. पण उंचीशी जुळवून घ्यायचा सराव सह्याद्रीत होतच नाही, कारण आपल्याकडे तेवढी उंचीच नाही. फिटनेस उंची लागण्यापासून वाचवत नाही. उलट फिट माणूस भराभर वर जातो, म्हणून त्याला जास्त सांभाळावं लागतं.

मग प्लॅन कसा करायचा?

डॉक्टर आणि गिर्यारोहक साधारण एक नियम पाळतात. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवायचा. दिवसा थोडं वर जाऊन खाली झोपायला आलात तर चालतं. मोजायची ती झोपायची उंची.

हा नियम लावून मी असा प्लॅन सुचवेन:

पहिली आणि दुसरी रात्र: दार्जिलिंग किंवा मानेभंज्यांग, साधारण २,००० मीटर. मधल्या दिवशी आसपास फिरा. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात रेड पांडा बघा. सिंगालिलाच्या जंगलातही तो आहे, पण तिथे दिसेलच याची खात्री नाही.

तिसरी रात्र: तुमलिंग, साधारण २,९७० मीटर. मानेभंज्यांगहून चित्रे, मेघमामार्गे चालत.

चौथी रात्र: कालिपोखरी, साधारण ३,१८६ मीटर. वाटेत गैरीबासला उतरून पुन्हा चढायचं.

पाचवी रात्र: संदकफू. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास, पण चढ खडा आहे.

सहावी रात्र: मोकळी.

सातव्या दिवशी खाली.

जीपने जाणार असाल तरी मुक्काम हेच ठेवा. गाडी आहे म्हणून टप्पे गाळायचे नाहीत.

आता ती सहावी रात्र. सगळ्यात आधी तीच कापली जाते, कारण तिच्यासमोर काही लिहिलेलं नसतं. पण मला विचाराल तर पूर्ण प्लॅनमधली सगळ्यात महत्त्वाची रात्र तीच. कुणाला खालच्या टप्प्यावर त्रास झाला तर ती तिथे वापरा आणि एक दिवस जास्त थांबा. सगळे ठीक असतील तर वर वापरा, म्हणजे डोंगर दिसायला एकाऐवजी दोन पहाटा मिळतील. आणि हवामान फिरलं तर ती परतीच्या विमानाचं तिकीट वाचवेल.

हवामान फिरतं, हे लक्षात ठेवा. शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश हे साधारणपणे खरं, पण याच दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही होतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुडहुड' वादळाचा उरलेला जोर नेपाळच्या अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन कोसळला आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला दार्जिलिंगच्या डोंगरांत जोरदार पावसाने दरडी कोसळल्या, त्यातही वीसहून जास्त जीव गेले. म्हणून निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज बघा. उपसागरात काही तयार होत असेल तर खालीच थांबा.

सुट्टी चारच दिवसांची असेल तर?

तर संदकफू सोडा. ऐकायला वाईट वाटतं, मला माहितीये. पण तुमलिंगपर्यंत जा आणि तिथेच राहा. कांचनजंगा तिथूनही समोर दिसते. पहाटे टोंगलूच्या माथ्यावर चढा, चहा प्या, निवांत खाली या. एव्हरेस्टचं जवळचं दर्शन पुढच्या वेळी. चार दिवसांत संदकफू 'उरकणं' आणि तीन हजार मीटरच्या आत राहून चार दिवस मजेत घालवणं, यात मी दुसरंच निवडेन.

ग्रुपमध्ये आधीच बोलून घ्यायच्या गोष्टी

उंचीवर माणूस अडकतो तो बऱ्याचदा संकोचामुळे. सगळ्यांनी पैसे भरलेत, सुट्ट्या टाकल्यात, आता माझ्यामुळे कशाला थांबायचं, असं म्हणून जो तो डोकेदुखी लपवतो. म्हणून निघायच्या आधीच, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही तर समोरासमोर बसून, चार गोष्टी ठरवा.

एक. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा खूप थकवा आहे, तर ती उंची लागलेली आहे असंच धरायचं. पित्त असेल, झोप झाली नसेल, ही कारणं नंतर. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही.

दोन. थांबूनही त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं. रात्र असो, पहाटेचा सूर्योदय राहून जावो.

तीन. बसल्या जागी धाप लागणं, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ होणं ही धोक्याची खूण आहे. फुप्फुसात पाणी होणं किंवा मेंदूला सूज येणं, या दोन्हींत जीव जाऊ शकतो. ऑक्सिजन मिळाला तर द्या, पण त्यासाठी थांबून राहू नका. लगेच गाडी बघून खाली आणा. वर मोठं हॉस्पिटल नाही.

चार. आजारी माणसाला एकट्याला खाली पाठवायचं नाही आणि खोलीत एकटं ठेवून बाकीच्यांनी पुढे जायचं नाही.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे 'डायमॉक्स' या नावाने ओळखली जाणारी गोळी, बरेच जण विचारतात. ती उपयोगी पडते, पण सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी, किडनीचा त्रास, गरोदरपण असेल तर विशेष जपावं लागतं. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर मुळात जायचं का, हेही त्यांनाच विचारा. आणि वर पोचल्याच्या आनंदात दारू नको, झोपेची गोळी तर अजिबात नको.

फोनवाल्यांसाठी थोडं

ही वाट भारत-नेपाळ सीमेवरून आत-बाहेर करत जाते. तुमलिंग तर नेपाळमध्येच आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण सीमेवर सशस्त्र सीमा बलाची तपासणी असते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट असेल तर उत्तम. उद्यानाचं परवानापत्र आणि स्थानिक गाइड मानेभंज्यांगला घ्यावे लागतात.

फोन मधेच नेपाळचा टॉवर पकडू शकतो. डेटा रोमिंग बंद ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, म्हणून आपोआप वेळ बदलण्याची सेटिंगही बंद करा, नाहीतर पहाटेच्या अलार्मचा घोळ होईल. थंडीत बॅटरी भराभर उतरते, तेव्हा फोन आणि पॉवर बँक रात्री पांघरुणात घेऊन झोपा. नेटवर्क नसेल तिथे यूपीआय चालणार नाही, रोख पैसे न्या. नकाशा आधीच डाउनलोड करा.

सूर्याचंही बघा. नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पावणेपाचलाच. "अजून चारच वाजलेत" हा आपला हिशोब तिथे लागू नाही. दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचा. सूर्य गेला की थंडी झपाट्याने वाढते. नोव्हेंबरच्या रात्री संदकफूला पारा शून्याच्या आसपास असतो, खालीही जातो. त्यावर वारा वेगळा.

शेवटचं म्हणजे तारीख. उद्यान पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, बंद असतं. उघडल्यावर लगेच जाऊ नका, पाऊस संपलेला नसतो. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधूनच इतकी गर्दी होते की खोल्या मिळणं अवघड. पूजा आणि दिवाळी दोन्ही टाळून नोव्हेंबरमधला आठवडा मिळत असेल तर मी तो घेईन.

तर मंडळी, आता एक कागद घ्या. डाव्या बाजूला रात्र, उजव्या बाजूला उंची लिहा, एक रात्र मोकळी सोडा आणि मगच विमानाच्या तिकिटाचं ॲप उघडा. तुमचा कागद तयार झाला की त्याचा फोटो पाठवा. एखादी उडी फार मोठी वाटली तर मी नक्की सांगेन. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!