पुस्तकातला आकडा, घरातला आकडा

संततिनियमनाच्या साधनांची तुलना करताना 'यशाची खात्री किती?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याला दोन उत्तरं असतात. एक, साधन दर वेळी अचूक वापरलं तर. दुसरं, माणसं ते जसं वापरतात तसं वापरलं तर. गोळी एकही दिवस न चुकवता घेणाऱ्या हजार स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण तिघींना दिवस जातात. प्रत्यक्षात, म्हणजे प्रवास, आजारपण, विसरणं हे सगळं धरून, शंभरात सातजणींना. कंडोमचे आकडे शंभरात २ आणि १३. काहीच न वापरल्यास शंभरातल्या ८५ जणींना वर्षात गर्भ राहतो. हे आकडे बरेचसे अमेरिकेतल्या पाहण्यांमधले आहेत. पण विसरणं सगळीकडेच असतं.

या दोन आकड्यांमधलं अंतर औषधाच्या ताकदीवर ठरत नाही. रोज, किंवा दर संबंधाच्या वेळी, माणसाला किती करावं लागतं यावर ते ठरतं. तांबीचे आकडे पाहा: ०.६ आणि ०.८. एकदा बसवली की लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नाही. तांब्याचे आयन शुक्राणूंना निकामी करतात, त्यामुळे फलनच सहसा होत नाही. ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते आणि काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. मात्र पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात दुखतं. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासलेलं बरं. संप्रेरक सोडणारी तांबी उलट रक्तस्राव कमी करते.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. तारीख टळते, म्हणून त्याचा घरातला आकडा ४ आहे. त्याने पाळी अनियमित होते, काहींची थांबतेही. त्यात धोका नसतो, पण आधी सांगितलं नसेल तर घाबरून इंजेक्शन सोडलं जातं. बंद केल्यावर दिवस जायला बरेच महिने लागू शकतात, त्यामुळे वर्षभरात मूल हवं असेल तर ते सोयीचं नाही. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

तब्येतीचा विचार इथूनच सुरू होतो. 'माला-एन'सारख्या मिश्र गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असेल, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा चमकून अर्धशिशी उठत असेल, वय पस्तिशीपुढे असून धूम्रपान भरपूर असेल, किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, तर या गोळ्या घेऊ नयेत. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर त्यांचा परिणाम उणावतो. लैंगिक आजारांपासून संरक्षण मात्र फक्त कंडोम देतो. तो फाटला तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

मूल नकोच, असं नक्की ठरलेल्या जोडप्यांसाठी शस्त्रक्रिया. १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा हाताशी साधनं मोजकीच होती. आज पर्याय कितीतरी आहेत, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी एकच पर्याय घेतलेला दिसतो: स्त्रीचं ऑपरेशन. पुरुष नसबंदीचं प्रमाण देशभरात ०.३ टक्के. दोन्हींची तुलना केली तर हे उलटं वाटावं. पुरुष नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, जागा बधिर करून बिनटाक्याने काही मिनिटांत काम होतं आणि अपयश शंभरात ०.१५, स्त्रीच्या शस्त्रक्रियेचं ०.५. पुरुषत्वाला, ताकदीला धक्का लागत नाही. फक्त तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यायचं. हे पाळलं नाही तर नंतरच्या गर्भाचा संशय विनाकारण बायकोवर येतो.

म्हणजे योग्य साधन शोधताना क्रम असा: पुढचं मूल कधी हवं, किंवा हवं का, तब्येतीत आडकाठी काय, पाळीतला बदल चालेल का, आणि वापरायची जबाबदारी दोघांपैकी कोण नीट निभावेल. शक्य असेल तर दोघांनीही दवाखान्यात जावं. आणि आजवर गोळ्या किती वेळा राहून गेल्या, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना मोकळेपणाने सांगावं. साधन निवडताना ही माहिती रक्तदाबाच्या नोंदीइतकीच उपयोगी पडते.