श्वानदंशाची लस आणि पथ्य

कोल्हापुरात श्वानदंशाची लस टोचून घेऊन मनुष्य घरी परतला, की वडीलधारी मंडळी प्रथम त्याचा तांबडा रस्सा बंद करतात. पोटावर १४ सुया टोचल्या जात, त्या काळची ही धास्ती असावी. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००४ च्या सुमारास भारतातून गेली. हल्लीच्या लशीस आहाराचे पथ्य नाही. सोसेल ते खावे. दंड सुजला, अंगात कणकण आली, तर विश्रांती पुरते. पथ्य आहे ते तारखांचे. दंडाच्या स्नायूत टोचावयाची लस, पहिला दिवस शून्य धरून, पुढे ३, ७, १४ व २८ व्या दिवशी घ्यावयाची असते. रस्सा कटाक्षाने टाळणारा मनुष्य जखम भरली म्हणून चौदाव्या दिवसाची सुई मात्र खुशाल चुकवितो! जखम भरली तरी विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे जात असू शकतो, आणि रोग प्रकट झाल्यावर रुग्ण बहुधा वाचत नाही. चुकलेली सुई ध्यानात येताच घ्यावी. आरंभापासून पुन्हा टोचावे लागत नाही.