एक संगणक, दोन कार्यप्रणाली

घरच्या एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदविण्याची गरज भाषाभ्यासकास सहज उत्पन्न होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट टंकांत जुळविलेले प्रबंध व शब्दसंग्रह उघडावयाचे तर त्या काळच्या आज्ञावल्या बहुधा विंडोजसाठीच लिहिलेल्या असतात; उलट, लक्षावधी शब्दांच्या संहितांतून रूपे वेचून त्यांची गणती करण्यास लिनक्सची साधने अधिक सोयीची पडतात.

द्विभाषिकाच्या ठायी दोन्ही भाषा जागृत असतात. बोलता बोलता तो एकीतून दुसरीत जातो. संगणकाचे तसे नाही. एक प्रणाली बंद झाल्यावाचून दुसरीस प्रवेश नाही. (एकीच्या पोटात दुसरी चालविणारे आभासी यंत्रही असते, क्वचित लागणाऱ्या जुन्या आज्ञावलीपुरता तोच मार्ग शहाणपणाचा. मात्र यंत्राची स्मृती तेथे दोघींत वाटली जाते.) शिवाय प्रत्येक प्रणाली मूलतः आपण एकटीच मालक आहोत अशा समजुतीने रचलेली असते. डिस्कचे स्वतंत्र विभाग पाडून दिले तरी काही वस्तू सामाईकच राहतात, आणि तंटा उद्भवतो तो तेथे.

पहिली सामाईक वस्तू म्हणजे प्रवेशद्वार. जुन्या पद्धतीत डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांतच प्रारंभक आज्ञा व विभागांचा तक्ता मावत असे. नंतर बसविलेली प्रणाली आधीच्या आज्ञा पुसून टाकी. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा दंडक पडला. यूईएफआय पद्धतीत दोघींच्या प्रारंभक फाइली एका लहान विभागात वेगवेगळ्या ठेवल्या जातात, आणि ग्रब ही आज्ञावली निवडीची यादी दाखविते. तंटा तरीही सर्वस्वी मिटलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्यतनानंतर अशा काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते.

दुसरी वस्तू घड्याळ होय. तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, पण संशोधकाची खरी हानी तीच करू शकते. संगणक बंद असतानाही यंत्रातील एक घड्याळ चालू असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक मानते. लिनक्स सामान्यतः ती जागतिक प्रमाणवेळ मानून भारतासाठी तीत ५ तास ३० मिनिटे मिळविते. अंक तेच, वाचने दोन. परिणामी लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर, इंटरनेटवरून दुरुस्ती होईपर्यंत, वेळ साडेपाच तास मागे दिसते. समजा, सकाळी ११ वाजता लिनक्समध्ये एका बोलीच्या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर जतन केले आणि त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. दुपारी ४ वाजता विंडोजमध्ये मूळ फाइलीत दुरुस्त्या केल्या, तर तीवर शिक्का पडतो सकाळी १०.३० चा. पुढे दोन्ही प्रती जुळविणारी एखादी आज्ञावली केवळ वेळ पाहून निर्णय करीत असेल, तर ती सकाळचीच प्रत नवी समजते आणि दुपारचे काम पुसले जाते. उपाय सोपा आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करून तिला जागतिक वेळ मानावयास लावावे, किंवा लिनक्सला स्थानिक वेळ पत्करावयास सांगावे. मात्र यांपैकी एकच करावे. दोन्ही केल्यास घोटाळा उलट दिशेने परत येतो.

तिसरी वस्तू म्हणजे फाइलींचा सामाईक विभाग. लिनक्सचा ईएक्सटी४ विभाग विंडोज स्वतःहून वाचू शकत नाही. विंडोजचा एनटीएफएस मात्र लिनक्सला वाचता-लिहिता येतो, म्हणून सामाईक फाइली तेथे ठेवणे इष्ट. परंतु विंडोज ८ पासून (२०१२) ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आली. तीत ‘बंद’ केलेली विंडोज वस्तुतः अर्धवट झोपलेली असते आणि विभागाचा हिशेब उघडाच राहतो. अशा वेळी लिनक्स त्यात लिहिण्याचे नाकारते, आणि ते योग्यच होय. बळजबरीने लिहिल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो. ही सोय बंद ठेवणे हाच त्यावरील मार्ग.

प्रत्यक्ष स्थापनेची कृती त्या मानाने अल्प आहे. प्रथम सर्व फाइलींची प्रत बाहेर काढावी, विंडोजचा विभाग तिच्याच साधनाने लहान करावा, आणि मोकळ्या जागेत लिनक्स बसवावे. विंडोजचा विभाग बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर प्रारंभव्यवस्थेत बदल होताच ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. तेव्हा तो क्रमांक आधीच कागदावर उतरवून घ्यावा. त्याच संगणकात जतन केलेला क्रमांक त्या वेळी वाचता येत नाही.